मदत हवी आहे: कोंबडीच्या पिल्लांत घ्रेलिन उलटं का वागतं?

निशाचर:
नमस्कार मंडळी, सेमिनारला ‘कोंबडीच्या पिल्लांतलं भुकेचं नियंत्रण’ घेतलंय आणि एका जागी घोडं अडलंय.

न्यूरोपेप्टाइड वाय या मेंदूतल्या भूक वाढवणाऱ्या रसायनापर्यंत सगळं सुरळीत. मेंदूच्या पोकळीत टोचलं की उंदीर खातो तसं पिल्लूही अधाशासारखं खातं. उपाशी ठेवलं की हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या भूक सांभाळणाऱ्या भागात, ते आणि एजीआरपी ही भूक वाढवणारी दोन्ही रसायनं वाढतात. भूक मारणाऱ्या बाजूला अल्फा-एमएसएच, सीआरएफ, सेरोटोनिन ही मेंदूतलीच रसायनं. इथवर पुस्तकातली सस्तन प्राण्यांची आकृती जशीच्या तशी चालते.

मग येतं घ्रेलिन. १९९९ साली उंदराच्या जठरात सापडलेलं, ‘भुकेचं संप्रेरक’ म्हणून मिरवणारं. तेच पिल्लाच्या मेंदूत टोचलं तर पिल्लू खाणं कमी करतं! वर उपाशी पिल्लाच्या रक्तात घ्रेलिन वाढतं म्हणे. म्हणजे भूक लागल्यावर भूक मारणारं रसायन सोडायचं? मार्गदर्शक म्हणतात, ‘पक्षी वेगळे असतात’ असं लिहून मोकळं व्हा. पण तोंडी परीक्षेत एवढ्यावर कोण सोडणार? रिसेप्टरच, म्हणजे पेशीवरचा घ्रेलिनचा निरोप झेलणारा भागच, वेगळा आहे का?

खुराड्यातला:
रिसेप्टरवर खापर फोडू नका. घ्रेलिन दिल्यावर कोंबडीतही वाढीचं संप्रेरक सस्तन प्राण्यांसारखंच वाढतं, म्हणजे निरोप पोचतोय. फरक पुढच्या वाटेत आहे. उंदरात घ्रेलिन न्यूरोपेप्टाइड वाय आणि एजीआरपीच्या पेशींना चेतवतं. पिल्लात ते सीआरएफची वाट धरतं, म्हणजे ताणाची. पुरावा हवा असेल तर तीन गोष्टी मांडा. घ्रेलिननंतर कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं. सीआरएफचे रिसेप्टर ॲस्ट्रेसिन या रोधक रसायनानं अडवले की घ्रेलिनचा भूक मारण्याचा परिणाम ओसरतो. आणि घ्रेलिन व न्यूरोपेप्टाइड वाय एकत्र टोचलं तर न्यूरोपेप्टाइड वायचा जोर कमी पडतो. तिसरी गोष्ट मला सगळ्यात पटते.

निशाचर:
धन्यवाद, वाटेचं कळलं. पण उपाशीपोटी रक्तात वाढण्याचं काय?

दाणापाणी:
ताई, घ्रेलिनला फक्त भुकेच्या चष्म्यातून बघताय म्हणून कोडं पडतंय. ब्रॉयलरमध्ये घ्रेलिन दिल्यावर खाण्याबरोबर श्वसनगुणांकही (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन) खाली येतो, म्हणजे शरीर चरबी जाळायला लागतं. उपाशी पक्ष्याला नेमकं तेच हवं असतं. समोर दाणा नसताना उगाच शोधत फिरण्यापेक्षा साठ्यावर निभावून नेणं बरं. हे शेवटचं वाक्य माझा तर्क आहे, स्लाइडवर टाकलंत तर तसं म्हणून टाका.

आणि घ्रेलिन एकटंच असं नाही. ऑरेक्झिन हे मेंदूतलं रसायनही उंदरात भूक वाढवतं, पिल्लात टोचलं तर खाण्यात वाढ दिसत नाही. तेही त्याच स्लाइडवर घ्या, म्हणजे घ्रेलिन हा एखादा चुकार अपवाद वाटणार नाही.

खुराड्यातला:
एक राहिलं. प्रयोग वाचताना पिल्लू पोटभर खाल्लेलं होतं की उपाशी, ते आधी बघा. खाणं कमी होतं हे दाखवायचं तर पिल्लू भुकेलं लागतं; वाढतं हे दाखवायचं तर खाऊन तृप्त असलेलं. भुकेलं पिल्लू आधीच भराभर टिपतंय, तिथे भूक वाढवणारं रसायन काय वेगळं दाखवणार? परीक्षक यावर हमखास बोट ठेवतात.

जातही बघाच. इन्सुलिन मेंदूत टोचलं तर लेअरची (अंड्यांसाठीच्या जातीची) पिल्लं कमी खातात, ब्रॉयलरच्या पिल्लांवर मात्र ढिम्म परिणाम नाही. वजन वाढवायला पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला पक्षी आहे तो. आणि अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू पोटातल्या उरलेल्या बलकावर दोन-तीन दिवस काढू शकतं, तेव्हा वयही तपासा.

निशाचर:
जात आणि वय आलेखाखालीच देते. इन्सुलिनचं मात्र डोक्यात घोळतंय: ब्रॉयलरच्या मेंदूत इन्सुलिनचे रिसेप्टर कमी असतात, की असूनही दाद देत नाहीत? यावर कुणी वाचलंय का?