'हॅलो नेबर' नऊ वर्षांच्या मुलाला खेळू द्यावा का?

ठाणेकरीण
लेक नऊ वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाकडे 'हॅलो नेबर' बघून आला आणि तेव्हापासून एकच धोशा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डायनॅमिक पिक्सेल्स या रशियन स्टुडिओने बनवलेला आणि टायनीबिल्डने डिसेंबर २०१७ मध्ये बाजारात आणलेला हा लपतछपत खेळायचा भीतीचा गेम. आपण एक लहान मुलगा. चेंडूच्या मागे धावताना समोरच्या घरातून किंचाळी ऐकू येते, आणि तो मिशाळ शेजारी तळघराला घाईघाईने कुलूप लावताना दिसतो. मग त्याच्या नजरेस न पडता घरात शिरायचं, किल्ली शोधायची, तळघर उघडायचं. सापडलो की स्क्रीन काळी होते आणि आपण परत रस्त्याच्या अलीकडे. बस्स. रक्त नाही, चिंधड्या नाहीत.

मी आठवडाभर त्याच्या शेजारी बसून खेळले. पहिल्या संध्याकाळी गेममधल्या कपाटात लपल्यावर त्याने खरोखर श्वास रोखून धरला होता आणि माझं मनगट घट्ट पकडलं होतं. चौथ्या दिवशी मलाच सांगत होता, "आई, तो आता पुढच्या दाराशी सापळा लावणार, आपण मागून जाऊ." भीतीचं नियोजन करायला शिकला तो. माझं मत स्पष्ट आहे, द्यावा. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा
ताई, मी चौथीला शिकवते, म्हणून तुमच्या उत्साहाला थोडा अडसर घालते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने असाच एक 'मुलांसाठीचा' भीतीचा गेम पाहिला आणि पुढचे तीन आठवडे तो एकटा शाळेच्या स्वच्छतागृहात जायला तयार नव्हता. कोणाला तरी दारापर्यंत यावं लागायचं. घरच्यांना पत्ताच नव्हता, कारण घरी तो बोललाच नाही.

वयाच्या शिक्क्यावर विसंबू नका. गेम कोणत्या वयापासून चालेल हे ठरवणाऱ्या संस्था असतात. त्यांपैकी युरोपातल्या पेगीने याच गेमला ७ वर्षं म्हटलंय आणि अमेरिकेच्या ईएसआरबीने १० वर्षं. एकच गेम, तीन वर्षांचा फरक. शिवाय दुसऱ्याच्या घरात चोरून शिरणं, काच फोडणं, कपाटं उचकणं हेच जिंकायचं साधन. शेजारचे काका म्हणजे काहीतरी लपवणारा माणूस, हे नवव्या वर्षी डोक्यात घालायची काय घाई आहे?

जॉयस्टिक
शिक्क्यांबद्दल थोडं. पेगीच्या ७ चा अर्थच असा की लहानांना घाबरवू शकतील अशी दृश्यं किंवा आवाज त्यात आहेत. म्हणजे भीती आहे हे ते लपवत नाहीत. त्याच वर्षी आलेल्या 'लिटल नाइटमेअर्स'ला पेगीने १६ दिलंय. तोही लपूनछपून खेळायचा, त्यातही नायिका छोटी मुलगी, पण तिथलं वातावरण आणि माणसं खाणारी पात्रं पाहिलीत तर फरक लगेच कळतो. 'एलियन: आयसोलेशन' तर थेट १८. या रांगेत 'हॅलो नेबर' खरंच सौम्य टोकाला आहे. रंगीबेरंगी, वाकडीतिकडी घरं, व्यंगचित्रातल्यासारखी माणसं.

त्याची खरी गंमत अशी की शेजारी आपल्या सवयी बघतो. सारखं एकाच खिडकीतून गेलात तर तिथे सापळा येतो, कुठे कॅमेरा लागतो. लपंडावात आपण नेहमी त्याच पिंपाच्या मागे लपलो की राज्य असलेला पोरगा आधी तिथेच यायचा ना, अगदी तसं. माझी तक्रार वेगळी आहे. २०१६ च्या चाचणी आवृत्त्यांत हे जितकं धारदार वाटायचं, तितकं पूर्ण गेममध्ये राहिलं नाही. तिसऱ्या अंकात घर अवाढव्य होतं आणि कोडी इतकी अतर्क्य की नऊ वर्षांचं मूल स्वतः सोडवूच शकत नाही. मग ते यूट्यूबवर उत्तर शोधतं, आणि तिथे पुढचा व्हिडिओ कोणता येईल यावर तुमचा ताबा नाही. मला धोका तिथे दिसतो.

रातराणी
खडूफळाताई, आपण सगळे मुंजाच्या गोष्टी ऐकत वाढलो. आमच्या कोकणातल्या घरी विहिरीकडच्या पिंपळाकडे संध्याकाळनंतर मान वळवायची नाही असा दंडक होता, आणि आजी रोज रात्री त्याच पिंपळाची गोष्ट सांगायची. भीती वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गोष्ट हवी असायची. त्यातून आम्ही भित्रे झालो नाही. लपंडावात मागून येऊन 'धप्पा' म्हटल्यावर जो काळजाचा ठोका चुकतो, तो काढून टाकला तर खेळात उरतं काय? मुलाला भीतीचा सराव हवा, आणि तो घरात, उजेडात मिळावा.

खडूफळा
रातराणी, आजीचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून सांगते. नातवाचे डोळे भरून आले की आजी गोष्ट तिथेच वळवायची. मुंजाला लाडू आवडतात असं काहीतरी जोडायची. गेम मुलाचा चेहरा बघत नाही. माझा सगळा आक्षेप एवढ्याच जागी आहे.

रातराणी
हे मात्र पटलं. चेहरा बघणारं कोणीतरी हवंच.

दोन_पाळ्या
तुम्ही सगळे 'शेजारी बसा' म्हणताय. मी आणि बायको दोघेही नोकरीला, ती रात्री साडेनऊला पोचते, मी त्याही नंतर. पोरगा सातपासून मोबाइल घेऊन एकटाच असतो. बसणार कोण? आमच्यासारख्यांच्या घरी उत्तर 'नको' असंच असायला हवं, आणि ते म्हणायला लाज वाटू नये.

ठाणेकरीण
दादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी शाळेच्या वेळेत काम संपवू शकते, ही सोय सगळ्यांना नाही. मग माझं मत दुरुस्त करते: कोणी सोबत असेल तरच द्यावा.

आणखी दोन रेघा मी आखल्यात. 'सीक्रेट नेबर' नाही, कारण तो ऑनलाइन चमूने खेळायचा आणि त्यात अनोळखी लोकांचे आवाज येतात. आणि २०१८ चा 'हाइड अँड सीक' हा आधीची गोष्ट सांगणारा भाग तूर्त नाही. खडूफळाताई, तुम्हाला सर्वांत जास्त खटकेल तो हाच. त्यात शेजाऱ्याची बायको मोटार अपघातात जाते आणि पुढे शेजाऱ्याच्या मुलाच्या हातून त्याची बहीण छपरावरून खाली पडते. रक्त तिथेही दाखवत नाहीत, पण माझ्या मते मुलाला कपाटातल्या लपण्यापेक्षा हे जास्त जड जाईल.

पण अडचण अशी झालीय. काल जेवताना भात कालवता कालवता त्याने विचारलं, "आई, त्या शेजाऱ्याची मुलं कुठे गेली?" घरातल्या लहान मुलांच्या वस्तू त्याने बरोबर टिपल्या होत्या. मी "पुढे कळेल" म्हणून वेळ मारून नेली. त्याने मान हलवली, पण दोन घास कमी खाल्ले.

जॉयस्टिक
त्याला व्हिडिओतून कळायच्या आत तुम्हीच सांगा. मुलं शोधून काढतात.

खडूफळा
सांगाच. माझा विरोध गेमला होता, त्याच्या प्रश्नाला नाही. फक्त रात्री झोपताना नको. रविवारी सकाळी, बाहेर चालत असताना सांगा. तोंडाकडे न बघता बोलता येतं तेव्हा मुलं खरं ते विचारतात. आणि मुलगी पडली हे सांगाल तेव्हा वडिलांना किती वाईट वाटलं असेल हेही सांगा, म्हणजे तो मिशाळ माणूस त्याला नुसता राक्षस वाटणार नाही.

ठाणेकरीण
रविवारी तलावपाळीला नेते त्याला.