स्पर्धेपूर्वी मैदाने वेळेत तयार का होत नाहीत?

प्रश्न (परभणी): 2011 च्या विश्वचषकात ईडन गार्डन्सचे नूतनीकरण मुदतीत पूर्ण न झाल्याने भारत-इंग्लंड सामना कोलकात्याहून बेंगळुरूला हलवावा लागला. यजमानपद कितीतरी आधी ठरलेले असताना असे का व्हावे? मराठवाड्यात आंतरराष्ट्रीय दर्जाचे मैदान उभारायचे झाल्यास सर्वाधिक वेळ कशाला लागेल?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): माझ्या मते खेळपट्टीला. 2024 च्या टी-20 विश्वचषकासाठी न्यूयॉर्कजवळ सुमारे 34,000 आसनांचे तात्पुरते स्टेडियम काही महिन्यांत उभे राहिले. परंतु फ्लोरिडात तयार करून तेथे आणून बसवलेल्या खेळपट्ट्यांवर चेंडूची उसळी इतकी असमान होती की फलंदाजांना दुखापतीचा धोका निर्माण झाला. लोखंडी सांगाडा घाईने जोडता येतो, माती मात्र रोलर फिरवून, पाणी देऊन आणि सामने खेळवूनच बसते.

उत्तर (नांदेड): सहमत. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे प्रेक्षागाराचा पाया खोल घ्यावा लागेल. शिवाय तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही, म्हणून बाह्यमैदानाखाली वाळूचा थर आणि निचऱ्याच्या नळ्या हव्यातच.

उत्तर (लातूर): पाण्याचे काय? 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते हिरवळीला देण्याची व्यवस्था पहिल्या आराखड्यातच असली पाहिजे. पिण्याच्या पाण्याला हात लावणे मला मान्य नाही.