१८ वर्षं एकाच मंडळीत राहिलेल्या पाळकांकडून चार्ज घेताना

नवा_प्रेस्बिटर
जूनपासून नागपुरातल्या एका सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचा चार्ज घ्यायचा आहे. आधीचे पाळकसाहेब (पास्टर) १८ वर्षं तिथेच होते, निवृत्तीनंतरही शहरातच राहणार. घरं साधारण १२०. किल्ल्या, बँकेची सही, सामानाची यादी हे ठरलं आहे. आणखी काय विचारून घ्यावं?

जुनी_वही
बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), विवाह, दफन ही चार रजिस्टरं आणि सभासदांची यादी एकाच टेबलावर उघडा. प्रत्येकातल्या शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून दोघांनी तारखेसह सही करा. दफनाच्या रजिस्टरात नाव असतं, पण सभासदांच्या यादीतून ते कमी केलेलं नसतं. हा घोळ नेमका वार्षिक सभेत, मतदानाच्या वेळी बाहेर येतो.

याहून नाजूक गोष्ट बाप्तिस्म्याची. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन सी.एन.आय. झालं, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करून मोठेपणी घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य झाले. त्यामुळे काही मुलांचं फक्त समर्पण, म्हणजे बाप्तिस्मा न देता देवापुढे आणून प्रार्थना, झालेलं असतं. कोणाचं काय झालंय हे बहुतेक वेळा पाळकांच्या डोक्यातच राहतं. ती नावं वेगळी लिहून घ्या. नाहीतर दृढीकरणाच्या वर्गात बाप्तिस्मा न झालेला मुलगा बसेल, किंवा झालेल्याला दुसऱ्यांदा द्याल, आणि पुनर्बाप्तिस्मा तर चालतच नाही.

सिमेट्रीत कोणत्या घराची कबर कुठे, हेही साहेबांसोबत चालून कागदावर उतरवा. दगड नसलेल्या कबरी आधी.

संध्याकाळची_भेट
आठवड्याला चार संध्याकाळी, रोज दोन घरं धरा. १२० घरांना १५ आठवडे, म्हणजे सप्टेंबर उजाडतो. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस) घरी नेऊन द्यावं लागतं असे अंथरुणावरचे लोक पहिले, मग वर्षभरात मयत झालेली घरं. कमिटीवाले शेवटी, ते तसेही रविवारी गाठतातच!

साहेबांना फक्त आजाऱ्यांकडे सोबत न्या. बाकी घरी दोघं गेलात तर सगळी संध्याकाळ लोक त्यांच्याशीच बोलतील.

मागचा_बाक
खरी अडचण साहेब शहरात राहण्याची. लोक लग्न, मयत, तंटा घेऊन त्यांच्याकडेच जाणार. दोघांनी आधीच ठरवा: साहेबांचं उत्तर एकच, "तुमच्या पाळकांना विचारा." पहिलं वर्ष तर वेदीवर बोलावूच नका.

जुनी_वही
वर्षभर बंदी मला जास्त वाटते. १८ वर्षं ज्या आजीकडे जात होते, तिच्या दफनाला त्यांनी मागे उभं राहायचं? शास्त्रपाठ त्यांनी वाचावा, विधी तुम्ही करा. रजिस्टरात सही मात्र तुमचीच.

लग्नाचं एक राहिलं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार, विशेष परवाना नसेल तर लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ यातच लावायचं, निदान दोन साक्षीदारांसमोर. मे महिन्यात ऊन उतरल्याशिवाय वऱ्हाड हलत नाही, आणि पत्रिकेत ६ छापलं की साडेसात वाजतात. पत्रिका छापण्याआधीच ४ ची वेळ घालायला सांगा.

नवा_प्रेस्बिटर
समर्पणाची यादी याच आठवड्यात मागतो. उपासनेची वेळ उन्हाळ्यात अर्धा तास अलीकडे घ्यायची होती, ते लगेच करू का?

मागचा_बाक
नाताळपर्यंत काहीच हलवू नका, उपासनेची वेळसुद्धा नाही. पुढच्या मार्चच्या कमिटीत मांडा.