मदत हवी आहे: हॉवर्ड घराण्याचं ड्यूकपद इतक्या उशिरा का परतलं?

मंडळी, इंग्लंडमधला अरंडेलचा अर्ल (ड्यूकपेक्षा खालची सरदारी पदवी) फिलिप हॉवर्ड (१५५७–१५९५) याच्यावर लिहितेय आणि एका गाठीशी अडलेय.

वडील नॉरफोकचे चौथे ड्यूक (तिथली सर्वोच्च सरदारी पदवी). १५७२ मध्ये राजद्रोहाबद्दल त्यांचा शिरच्छेद झाला, ड्यूकपदही गेलं. अर्लपद फिलिपला आजोळकडून मिळालं, १५८० मध्ये. पुढे तो प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिक झाला, १५८५ मध्ये देश सोडताना पकडला गेला आणि टॉवर ऑफ लंडनमध्येच वारला. मुलगा थॉमस जन्मला तेव्हा बाप कैदेत होता. लेकराचं तोंड त्याला कधीच पाहायला मिळालं नाही. ‘ख्रिस्तासाठी इथे जितकं दुःख, तितकं पुढे त्याच्यासोबत वैभव’ अशा अर्थाची लॅटिन ओळ त्याने टॉवरच्या भिंतीत कोरली, सोबत १५८७ साल. ती अजून आहे. वाचून गलबलून येतं.

आता प्रश्न. राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्ये थॉमसला अर्लपद परत दिलं, पण ड्यूकपद थेट १६६० मध्ये, थॉमसच्या नातवाला मिळालं. अडचण कायद्याची होती की दरबारी राजकारणाची? शिवाय फिलिपची बायको अ‍ॅन डेकर हिने मुलाला एकटीने वाढवलं, तिच्याबद्दल सविस्तर कुठे वाचता येईल? जाणकारांनी कृपया सांगावं.