सातवीचं समप्रमाण-व्यस्तप्रमाण: पूर्व भागातल्या वर्गासाठी टाचण कसं काढावं?

टाचणवही
सोलापूर पूर्व भागातली शाळा. सातवी, पट 42, तासिका 35 मिनिटांची. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू, काहींकडे कन्नड. घरची माणसं टॉवेल-चादरीच्या कारखान्यात, नाहीतर विड्या वळतात. पुस्तकातली गणितं मुलं सोडवतात, पण भाषा जरा फिरवली की सम कुठलं आणि व्यस्त कुठलं, सगळा गोंधळ. रोजच्या ओळखीच्या गोष्टींवर तीन-चार तासिकांचं टाचण करायचंय. विड्यांचा हिशेब घ्यावा का? साधनं म्हणाल तर स्वयंपाकघरातला एक डिजिटल काटा आणि टेप.

उभाआडवा
विड्या राहू द्या, टॉवेल घ्या. एकाच टॉवेलात दोन्ही प्रमाणं सापडतात.

पहिली तासिका: 75 बाय 150 सेंमीचा टॉवेल मोजायला द्या. आधी मीटर करून घ्या, 0.75 × 1.5 = 1.125 चौ.मी. सेंमीत गुणून शेवटी मीटर करायला सांगितलंत तर अर्धा वर्ग 100 ने भागतो, 10,000 ने नाही, आणि उरलेली तासिका ती चूक शोधण्यात जाते. वजन 450 ग्रॅम भरलं तर 450 ÷ 1.125 = 400. हाच बाजारात बोलला जाणारा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. मग 40 बाय 60 सेंमीच्या नॅपकिनचं वजन न मोजता काढायला लावा: 0.24 × 400 = 96 ग्रॅम. जीएसएम कायम, क्षेत्रफळ बदललं की वजन त्याच पटीत बदलतं. हे समप्रमाण.

त्यानंतर नॅपकिन काट्यावर ठेवा. बरोबर 96 क्वचितच येईल. किनारीला लूप (टॉवेलवर उभे राहणारे सुताचे फासे) नसतात, त्यामुळे तिथलं कापड हलकं, आणि लहान नगात किनारीचा वाटा मोठा. कारण तुम्ही सांगू नका. ज्यांच्या घरी माग आहे ती मुलं किनारीला हात लावूनच सांगतील. दोन्ही नग एकाच कारखान्याचे, एकाच जातीचे हवेत, आणि कोरडे. कापूस हवेतली ओल धरतो, पावसाळी दिवशी आकडा वर जातो.

दुसरी तासिका: सूत 4.5 किलो, टॉवेल तोच 75 बाय 150. जीएसएम 400 ठेवला तर 10 नग, 500 ठेवला तर 8, 250 ठेवला तर 16. प्रत्येक ओळीत गुणाकार 4,000. आता सूत कायम आहे, म्हणून व्यस्त. ‘काय कायम ठेवलंय?’ हा एकच प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुसू नका. ‘वाढलं की वाढतं ते सम’ एवढंच पाठ केलेली मुलं नेमकी इथे अडकतात. वय वाढलं की उंचीही वाढते, पण ते समप्रमाण नव्हे.

शेकडा_पाच
भाषेबद्दल थोडं. तेलुगूत ‘नूटिकि ऐदु’ म्हणजे शंभराला पाच, अगदी आपलं शेकडा पाच. ‘पावु’ म्हणजे पाव, ‘अर’ म्हणजे अर्धा, ‘मुप्पावु’ म्हणजे पाऊण. हे शब्द फळ्यावर मराठीशेजारी लिहा, मुलांकडूनच वदवून घ्या. संख्यांचं मात्र सांभाळा. तेलुगूत पंचवीसला ‘इरवै ऐदु’, वीस आधी आणि पाच नंतर, मराठीत उलट. ऐकून लिहिताना 25 चे 52 होतात आणि आपण समजतो, गुणाकार चुकला. (2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण अशा वर्गात त्या पद्धतीचा उपयोग आहे.) तोंडी आकडे देताना फळ्यावरही लिहा, एवढ्यानं बरंच भागतं.

पाणीपाळी
विड्यांबद्दल ‘उभाआडवा’ म्हणतात तेच, फक्त कारण वेगळं. हजार विड्यांची मजुरी हा घरातला नाजूक हिशेब. ‘तुझी आई दिवसाला किती वळते?’ हा प्रश्न चारचौघांत विचारला की मूल गप्प होतं, आणि ‘तू मदत करतोस का?’ हा तर विचारूच नये. तंबाखू वर्गात आणायची नाहीच. भूमितीसाठी फर्म्याची (विडीचं पान ज्या मापानं कापतात तो साचा) कल्पना तेवढी घ्या: वर्तमानपत्राचं पान, पुठ्ठ्याचा आयताकृती फर्मा, जास्तीत जास्त किती तुकडे निघतात आणि शेकडा किती कागद वाया जातो.

व्यस्तप्रमाणाला पाणी चांगलं, कारण काही दिवसांआड येणारं पाणी सगळ्यांच्याच घरी. 200 लिटरचं पिंप, 5 माणसं, 4 दिवस: माणशी रोज 10 लिटर. पाहुणे येऊन 8 माणसं झाली तर याच वापरानं अडीच दिवस. आकडे तुम्ही द्या, घरचे मागू नका.

टाचणवही
काटा एकच आणि मुलं 42. गट कसे करू? आणि मागांवरचं एखादं गणित चालेल का?

उभाआडवा
सहाचे सात गट. काटा तुमच्या टेबलावर. गट टॉवेल मोजून अंदाज कागदावर लिहील, मगच वजनाला येईल. अंदाज न लिहिता आलेला गट परत पाठवा, नाहीतर उत्तर बघून उलटं गणित मांडतात. मोजणी 10 मिनिटं, हिशेब 10, वजन 10, उरलेली पाच फळ्यासाठी. टॉवेल निदान तीन लागतील, एकात सात गट खोळंबतात.

मागांचं गणित जरूर घ्या: 2 मागांवर पाळीत 60 नग, तर 4 मागांवर? वहीत 120. पण कामगार एकच असेल तर तुटलेला धागा सांधेपर्यंत बाकीच्या मागांकडे बघणार कोण? एखादं पोर हे बोलेलच. त्याला चूक देऊ नका. ‘प्रत्येक माग सारखाच वेळ चालतो’ ही अट गणितात लिहायची राहिली होती, ती त्याच्याकडूनच फळ्यावर लिहून घ्या. टाचणात अध्ययन निष्पत्तीखाली ‘कायम राशी ओळखून प्रमाणाचा प्रकार ठरवतो’ एवढं लिहा, मुख्याध्यापकांच्या सहीला ते पुरतं.