पेंग्विनची विष्ठा आणि तळ्यातला गाळ: फॉस्फरस पक्ष्यांचा की खडकाचा?

गाळवाचक:
अंटार्क्टिकातील आर्डली बेटावरच्या एका तळ्यातील गाळाच्या रसायनावरून पेंग्विनच्या संख्येतील गेल्या ३,००० वर्षांतले चढउतार ओळखता येतात, असे सुन लिगुआंग आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडले. विष्ठेत फॉस्फरस भरपूर असतो हे मान्य. परंतु तो खडक झिजूनही तळ्यात उतरतोच. मग हे दोन वेगळे कसे काढतात?

हिमनग:
एकट्या फॉस्फरसच्या भरवशावर कोणी बसत नाही. त्या गाळात स्ट्रॉन्शियम, फ्लोरिन, गंधक, फॉस्फरस, कॅल्शियम, सेलेनियम, तांबे, जस्त आणि बेरियम ही नऊ मूलद्रव्ये बरोबरीने वाढताना व घटताना दिसली. त्यांतले फ्लोरिन मला सर्वांत बोलके वाटते, कारण पेंग्विनचे मुख्य खाद्य असलेल्या क्रिलच्या (कोळंबीसारख्या छोट्या समुद्री जीवाच्या) कवचात ते मोठ्या प्रमाणावर साठलेले असते. उलट अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम प्रामुख्याने खडकातूनच येतात, त्यामुळे त्यांच्याशी गुणोत्तर काढले की झिजेचा वाटा बाजूला पडतो. शिवाय विष्ठेतून अमोनिया उडून जाताना हलका नायट्रोजन अधिक निघून जातो आणि मागे जड नायट्रोजन-१५ चे प्रमाण वाढते. ही साक्ष पूर्णपणे स्वतंत्र आहे.

गाळवाचक:
आभारी आहे. पण मध्येच ज्वालामुखीची राख पडली असेल तर?

दर्यावर्दी:
तिचे थर वेगळे ओळखू येतात. याच बेटावरील २०१७ च्या अभ्यासात डिसेप्शन या ज्वालामुखी बेटाच्या उद्रेकांमुळे जेंटू पेंग्विनची वसाहत किमान तीनदा जवळजवळ नष्ट झाल्याचे आणि ती पुन्हा स्थिरावण्यास सरासरी ४०० ते ८०० वर्षे लागल्याचे दिसले.
आर्क्टिकमध्ये मात्र प्रश्न पक्ष्यांच्या विष्ठेतून येणाऱ्या प्रदूषणाचाही आहे. कॅनडाच्या डेव्हन बेटावरील केप व्हेरा येथे फुलमार या समुद्री पक्ष्यांच्या सुमारे १०,००० जोड्या कड्यावर घरटी करतात. आजूबाजूला उजाड माळ असताना कड्याच्या पायथ्याची डबकी मात्र शेवाळाने हिरवी असतात, आणि पक्ष्यांचा प्रभाव सर्वाधिक असलेल्या डबक्यांच्या गाळात, तो प्रभाव कमी असलेल्या डबक्यांच्या तुलनेत, पारा सुमारे २५ पट, तर डीडीटी हे कीटकनाशक ६० पट आढळले.

हिमनग:
पक्षी काय खातो यावरही बरेच अवलंबून असते. आर्क्टिकमधल्याच एका छोट्या बेटावर मासे खाणाऱ्या सुरय पक्ष्यांच्या डबक्यांत पारा आणि कॅडमियम अधिक होते, तर तळाचे शिंपले खाणाऱ्या आयडर बदकांच्या डबक्यांत शिसे अधिक. म्हणून आर्डलीचा नऊ मूलद्रव्यांचा संच जसाच्या तसा दुसऱ्या वसाहतीला लावण्यापूर्वी तिथल्या पक्ष्यांची ताजी विष्ठा तपासून घ्यावी लागते.