जड छर्ऱ्याने ग्रुप आवळतो का?

एअर रायफलमध्ये जड छर्रा घेतला की ग्रुप आवळतो, म्हणजे लक्ष्यावरची भोकं एकमेकांच्या जवळ पडतात, असं म्हणतात. १० मीटरच्या नेमबाजीत वजनाच्या मागे लागू नका. मॅच (स्पर्धेच्या) एअर रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतोच; फरक पाडतो तो डोक्याचा व्यास, ४.४९, ४.५० की ४.५१ मिमी. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवून प्रत्येक मापाचे पाच-पाच छर्ऱ्यांचे निदान चार ग्रुप मारा. एकटा ग्रुप हमखास फसवतो. जमलेल्या बॅचचे डबे सीझनभरासाठी एकदमच घ्या, कारण लेबल तेच असलं तरी पुढची बॅच वेगळी वागू शकते.

मुंबईच्या पावसाळ्यात छर्ऱ्यांच्या शिशावर पांढरी पूड धरते. असे छर्रे नळीत घालूच नका, आणि हात साबणाने धुवा. स्कर्ट (छर्ऱ्याची मागची पोकळ कड) चेपलेला छर्राही बाजूला काढा. हवा एका अंगाने निसटते आणि शॉट भरकटतो.